डालग्यावरचा वरवंटा

"शालन, सुई आण."

हौसाक्का परड्यात फतकल घालून बसली होती. मांडीवर तिची कोंबडी, कवडी, आणि कवडीच्या गळ्याखालून ज्वारीचे दाणे गळत होते. रक्त कमी आणि दाणेच जास्त. मी जागची हलले नाही. एक तर ते बघवत नव्हतं. दुसरं म्हणजे, माझी थोरली जाऊ माझं नाव घेऊन माझ्याशी बोलल्याला त्या दिवशी अकरा महिने झाले होते.

"आगं, बगत काय उबी ऱ्हायलीस? बारीक सुई आण, हातशिलाईची. मशीनची नगं. नि रेशमाचा दोरा."

मी घराकडे पळाले. मी गावातल्या बायकांची झंपरं शिवायची, त्यामुळे सुई-दोऱ्याला माझ्याकडे तोटा नव्हता. पण डबा उघडला आणि माझे हात असे कापायला लागले की सगळ्या सुया जमिनीवर सांडल्या. कारण कवडीचा गळा फाडला होता मुंगसानं, पण मुंगसाला दार उघडून दिलं होतं मी.

ते कसं, हे सांगायचं तर वाटणीपासून सांगावं लागेल.

आमच्यातला अबोला आम्ही धरलेला नव्हता, नवऱ्यांनी तो आम्हाला धरायला लावला होता. शेताच्या बांधावरून दोघा भावांचं वाजलं आणि घर वाटून घ्यायचं ठरलं. भांडी वाटली, वाकळा वाटल्या, म्हशीसुद्धा एक-एक झाल्या. शेवटी अंगणात पाटा-वरवंटा उरला. सासूबाईंच्या हातचा तो, कुणीच सोडेना. तेव्हा आमचे थोरले भावजी, केरबा त्यांचं नाव, म्हणाले, "पाटा तुला, वरवंटा मला." आणि आमचे हे म्हणाले, "चालतंय की!" दोघांनाही आपण मोठा न्याय केला असं वाटलं. तेव्हा आमच्या आजऱ्याकडच्या त्या वाडीत मिक्सर कुणाकडे होता? त्या दिवसापासून दोन्ही चुलींवरच्या कालवणाची चव गेली. मी पाट्यावर मिरची ओढ्यातल्या गोट्यानं रगडायची, आणि हौसाक्का नुसता वरवंटा घेऊन काय करणार? तिनं तो कोंबडी झाकायच्या डालग्यावर वजन म्हणून ठेवला.

परड्याच्या मधोमध भावजींनी चुन्याची रेघ मारली. बायकांनी एकमेकींशी बोलायचं नाही, आणि इकडची काडी तिकडे गेली की दुसऱ्या दिवशी तिथे भिंत उभी राहणार, हे त्यांनी आम्हा दोघींना उभं करून सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, विटा आणून रेघेच्या कडेला रचूनसुद्धा ठेवल्या.

मी सतराव्या वर्षी त्या घरात आले तेव्हा मला धड भाकरी येत नव्हती. हौसाक्कानं माझ्या करपलेल्या भाकरी स्वतःच्या ताटात घेतल्या आणि गोल भाकरी माझ्या नावावर खपवल्या. अशी जाऊ हाताच्या अंतरावर असून बोलायची चोरी. पण ती होती हुशार. कोंबडीशी बोलू नका असं काही कुणी सांगितलं नव्हतं. रोज सकाळी ती दाणे टाकता टाकता मोठ्यानं म्हणायची, "काय ग कवडे, काल लई खोकत हुतीस रातच्याला? आल्याचा तुकडा चघळ की बाई." खोकत असायची मी. मग मी माझ्या बाजूनं भांडी घासता घासता म्हणायची, "कवडे, तुझ्या लेकीचं पत्र आलं का ग सासरहून?" आणि कवडीला दुपारी उत्तर मिळायचं. लेकी बोले सुने लागे म्हणतात, तसं आमचं कोंबडी बोले जावेला लागे. पांढऱ्या अंगावर काळ्या ठिपक्यांची ती कोंबडी नसती, तर त्या अकरा महिन्यांत मी वेडी झाले असते. हे मी आज म्हणते असं नाही, तेव्हाही मला ते कळत होतं.

श्रावण उतरला आणि कवडी खुडूक झाली. हौसाक्कानं पाटीत भाताचं पिंजर घालून अकरा अंड्यांवर तिला बसवली. प्रत्येक अंड्यावर कोळशाची रेघ, कडेला लोखंडाचा खिळा, म्हणजे आभाळ गरजलं तरी अंडी गारत नाहीत, नासत नाहीत. वरून डालगं पालथं घातलं आणि डालग्यावर वरवंटा. सतरा दिवस झाले, अजून चार राहिले होते.

आणि त्या सतराव्या दिवशी सकाळी आमच्या ह्यांनी ताट बाजूला सारलं. "काय चव न्हाई. वहिनीच्या हातची ती लाल चटणी असायची बग." माझा संताप झाला. वरवंटा हातानं देऊन आलेला माणूस मला चव शिकवतो! ते कारखान्यावर गेले, भावजी बाजाराला, हौसाक्का वैरणीला. मी मिरच्या भिजत घातल्या, लसूण सोलला, खोबरं भाजलं, आणि रेघेशी येऊन उभी राहिले. वरवंटा दिसत होता. दहा पावलं सुद्धा नव्हती.

पाच मिनिटांचं काम आहे, म्हटलं. वाटते, धुते, परत ठेवते. कोंबडीलासुद्धा कळायचं नाही. डालगं मोकळं राहू नये म्हणून मी भिंतीच्या विटांतली एक अर्धी वीट उचलून त्याच्या जागी ठेवली. अकलेचे तारे तोडले म्हणतात ते हेच.

चटणी अर्धी झाली असेल, परड्यातून कवडीचं ओरडणं ऐकू आलं. हातात वरवंटा तसाच घेऊन मी धावले. डालगं उलथलं होतं, वीट बाजूला पडली होती, आणि मुंगसानं कवडीला गळ्याशी धरली होती. मी वरवंटा फेकून मारला. लागला नाही, पण मुंगूस भाताच्या खाचराकडे पळालं. सकाळी तेच मुंगूस आडवं गेलं तेव्हा मी त्याला हात जोडले होते. मुंगूस दिसलं की दिवस चांगला जातो म्हणतात.

तेवढ्यात वैरणीचा भारा घेऊन हौसाक्का आली. भारा तिच्या डोक्यावरून तसाच मागे पडला.

म्हणून सुया वेचताना माझे हात कापत होते. कवडी मेली तर आमचं बोलणं मेलं. आणि ती का मेली हे भावजींना कळलं, तर उद्या सकाळी तिथे भिंत. सुई-दोरा घेऊन मी दाराशी आले आणि आठवलं, वरवंटा! चटणीनं लाल झालेला तसाच तिथे पडला होता.

मी पळत गेले आणि आधी वरवंट्याकडे बघितलं. तो स्वच्छ होता. गवतात पडून पुसला गेला असेल, म्हटलं. देवच पावला. हौसाक्का मात्र पदरानं डोळे पुसत होती आणि डोळे लालबुंद झाले होते. तिला मी सासू गेली तेव्हासुद्धा एवढी रडताना बघितली नव्हती.

"आक्का, मी..." मी सुरुवात केली.

"काय बोलू नगंस. चूल पेटती हाय न्हवं तुजी? मिठाचं पाणी उकळ. सुई नि दोरा त्यात टाक. हळद आण, खोबऱ्याचं तेल आण. नि कात्री."

मी सगळं आणलं. हौसाक्कानं कवडीच्या डोक्यावर फडकं टाकलं. डोळ्यांपुढे अंधार झाला की कोंबडी गप पडते. मग कात्रीनं गळ्याभोवतीची पिसं कापली आणि कोमट पाण्यानं जखम धुतली, तेव्हा नीट दिसलं. वरची कातडी फाटली होतीच, पण आत कोंबडी दाणे साठवते ती पिशवीही फाटली होती.

"माज्या आईनं एकदा शिवल्याली मी बगितली हाय," हौसाक्का म्हणाली. "आदी आतली पिशवी. ती येगळी शिवायची. मग वरची कातडी, ती येगळी. दोनी एका टाक्यात घेतलीस तर मरंल."

"मी? आक्का, मला नाही जमायचं. तुम्हीच शिवा."

"माज्या डोळ्याला दिसतंय व्हय काय आता? नि धरायला जोर लागतोय. मी धरते. तू झंपराला काजं करतीस तसं कर. बारीक बारीक."

झंपराचं कापड हलत नाही. त्याला ऊब नसते, आणि त्याखाली काही धडधडत नसतं. मी पहिला टाका घातला तेव्हा कवडीचं सगळं अंग ताठ झालं आणि मी सुई सोडून दिली.

"उचल."

"आक्का, मरेल हो ती माझ्या हातानं."

"तशीबी मरंलच की. उचल सुई."

मी उचलली. दुसरा टाका, तिसरा. आतली पिशवी ओल्या कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ. जरा ओढलं की फाटणार, जरा सैल राहिलं की गळणार. घाम नाकावरून ओघळून हातावर पडत होता, आणि हौसाक्का कोपरानं तो टिपत होती. नऊ टाके झाले. तिनं बोट दाबून बघितलं. काही गळलं नाही.

"आता कातडी," ती म्हणाली, आणि त्याच वेळी फाटक वाजलं.

भावजी बाजारातून परत आले होते. नेहमी दिवस मावळल्यावर येणारा माणूस, आज नेमका ऊन असताना आला. पिशवी खांद्याला तशीच ठेवून ते परड्यात आले. मी रेघेच्या अलीकडे नव्हते. त्यांच्या बाजूला, त्यांच्या बायकोसमोर, त्यांची कोंबडी शिवत बसले होते.

"ही हितं काय करतीया?"

"सुई तिच्याकडं हाय," हौसाक्का म्हणाली. मान वर केली नाही.

"काय झालंय कोंबडीला?"

"मुंगसानं धरली."

भावजींनी डालग्याकडे बघितलं, मग वरवंट्याकडे, मग विटेकडे. माझी सुई कातडीत अर्धी गेली होती. ती पुढेही जाईना आणि मागेही येईना.

"डालग्यावर वरवंटा असतोय की रोज. मुंगसाच्या बाला उलथंल काय? वीट कशी काय आली हितं?" त्यांचा आवाज खाली आला. भावजींचा आवाज चढला की माणूस वाचतो, खाली आला की नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. "वरवंटा कुणी काढला?"

आता सांगावं, मी मनाशी म्हटलं. सांगून टाकावं. माझं तोंड उघडलंसुद्धा.

"म्या काढला," हौसाक्का म्हणाली. "कोंबडीची घाण लागली हुती, म्हणून धुतला नि वाळत ठेवला. वीट ठेवून वैरणीला गेले. इसरले."

"इसरलीस? घरात दुसरं काम काय हाय तुला?" भावजी कडाडले, आणि पुढे जे बोलले ते मी इथे लिहीत नाही. तिच्या माहेरापासून तिला एकच लेक झाली तिथपर्यंत सगळं निघालं. ती कवडीला धरून बसून राहिली. माझ्या गळ्यापर्यंत शब्द आले होते. मी ते गिळले. त्या भिंतीच्या विटा माझ्या पाठीशीच होत्या, आणि मी भित्री होते. दुसरं कारण मला आजही सापडत नाही.

"आण हिकडं," शेवटी भावजी म्हणाले. "मरायच्या आदी मान कापू. रस्सा तरी हुईल."

त्यांनी हात पुढे केला. हौसाक्कानं तेव्हा पहिल्यांदा वर बघितलं. डोळे सुजलेले, लाल, पाणी वाहतंय.

"मेली तर उद्या मीच कापून घालीन तुमास्नी," ती म्हणाली. "पर आज हात लावायचा न्हाई. शालन, टाका घाल."

भावजींचा हात मागे गेला. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती, पण हा सूर त्यांनी कधी ऐकला नसावा. पिशवी आपटून ते घरात गेले. मी टाका घातला. कसा घातला ते मला आठवत नाही, पण अकरा टाके घातले.

हळद आणि तेल लावून झाल्यावर अंडी बघितली. तीन फुटली होती, आठ शाबूत. हौसाक्कानं एक-एक उचलून पापणीला लावलं. "ऊब हाय अजून. पर माज्या घरात ठेवली तर ह्यो माणूस कढईत घालंल." असं म्हणून तिनं माझा पदर पुढे ओढला आणि आठही अंडी त्यात ठेवली, ओटी भरावी तशी. ती घेऊन मी रेघ ओलांडली. काडी नाही, आठ अंडी इकडची तिकडे गेली आणि कुणाला कळलं नाही.

माझ्या चुलीशेजारी वाकळेच्या घडीत ती ठेवली. दर थोड्या वेळानं फिरवायची, पापणीला लावून बघायची. आमच्या ह्यांना ताट सोडून चुलीजवळचं काहीच दिसत नाही, ते एक बरं होतं. कवडीला हौसाक्कानं टोपलीत घालून स्वतःजवळ ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिनं चोच उघडली नाही. मी भांडी घासत होते, ती दाणे निवडत होती, आणि मध्ये बोलायला कोंबडी नव्हती. मग ती हळूच म्हणाली, "पाणी प्याली. कापूस पिळून घातलं तर गिळलं." कुणाला उद्देशून असं काही नव्हतं. मी पदर तोंडात कोंबून रडले.

तिसऱ्या दिवशी कवडी भाताची पेज प्याली, गळा कोरडा राहिला. मग झोकांड्या खात टोपलीतून उतरली आणि पाटीकडे गेली. पाटी रिकामी बघून तिनं जो आवाज काढला, तो ऐकून मी चुलीजवळची अंडी उचलून आणली. ती बसली. आम्ही दोघी बघत राहिलो. तरी एकविसाव्या दिवसापर्यंत मला धड जेवण गेलं नाही. अंडी गारली असतील तर? आणि त्याहून वाईट, हौसाक्का माझ्यासाठी शिव्या खाऊन बसली आहे, आणि तिला ते माहीतच नाही; वरवंटा ती अधूनमधून धुवायचीच, त्यामुळे आपणच विसरलो असं तिला खरंच वाटतंय, असं मी धरून चालले होते.

एकविसाव्या दिवशी पाच पिल्लं निघाली. तीन अंडी तशीच राहिली. हौसाक्कानं पिल्लं मोजली, उठली, पदर खोचला आणि सरळ भिंतीच्या विटांकडे गेली.

"उचलू लाग," ती मला म्हणाली. "डालग्याचा काय भरोसा न्हाई. खुराडं बांधू."

"आक्का, त्या विटा..."

"कळतंय मला कशाच्या हाईत त्या."

दुपारपर्यंत आम्ही चिखलात विटा लावून गुडघाभर खुराडं उभं केलं, नेमकं चुन्याच्या रेघेवर. भावजी आले, खुराड्याकडे बघितलं, रिकाम्या जागेकडे बघितलं.

"विटा कुठं गेल्या?"

"मुंगसानं नेल्या," हौसाक्का म्हणाली.

खुराड्यातून कवडी भावजींकडे बघत होती, गळ्यावर माझे अकरा टाके घेऊन. ते काहीतरी पुटपुटत आत गेले. ती भिंत पुढे कधीच झाली नाही.

ते आत गेल्यावर माझा धीर सुटला. "आक्का, वरवंटा मी काढला होता," मी म्हणाले. "चटणी वाटायला. वीट मीच ठेवली. तुम्ही विसरला नव्हता. तुम्ही उगाच..."

ती हात धूत होती, तशीच धूत राहिली.

"ठावं हाय मला."

"कधीपासून?"

"तू सुई आणायला गेलीस तवापासून. वरवंटा लालभडक हुता. पदरानं पुसला मी त्यो. नि मग त्याच पदरानं डोळं पुसलं." ती हसली. "मेले, तिखट किती घातलं हुतंस ग! दोन दिस दिसत नव्हतं मला."

मला वाटलं होतं ती कोंबडीसाठी रडतेय.

"मग तेव्हाच बोलला का नाहीत मला? भावजींच्या समोर नाही, निदान आधी, आपण दोघीच होतो तेव्हा. चार शिव्या द्यायच्या होत्या. मी चार दिवस..."

हौसाक्का उठली. रिकाम्या डालग्यावरचा वरवंटा तिनं दोन्ही हातांनी उचलला, रेघ ओलांडून माझ्या दारात आली आणि माझ्या पाट्यावर ठेवला.

"बोलले असते की," ती म्हणाली. "पर मग तुजा हात हालला असता."